दोन्ही बोटी बाहेर

किहीम,
१५ जुलै

दादा,

तिकडे मुन्सियारीच्या डोंगरात टपाल रोज येतं का, हेसुद्धा मला माहीत नाही. फोन तू उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून स्पीड पोस्ट. शाळेचा पत्ता आईकडून घेतला. तिला सांगितलं, दादाच्या शाळेतल्या मुलांसाठी गणिताची पुस्तकं पाठवायची आहेत. पुस्तकंही पाठवीन, म्हणजे ते खोटं राहणार नाही.

आई बरी आहे. गुडघा धरतो, पण जरा उघडीप झाली की वाडीत जाऊन नारळाची पडलेली झापं ओढत बसते. ऐकत नाही.

विचारायचं आहे ते कामाचं. तू कंपनी सोडलीस, मला म्हणालास, "तूही सोड," आणि मी सोडली नाही. त्यावर मी आज काही लिहिणार नाही. मला फक्त तू लिहिलेल्या त्या डेटाबेस इंजिनाबद्दल विचारायचं आहे.

मांडव्याचा मदत कक्ष तुला आठवत असेल. मच्छीमार सोसायट्यांनी मिळून चालवलेला. गेल्या मोसमात तिथला पडदा ऐन गर्दीत गोठायचा. शेकडो होड्या आपापली जागा कळवत असतात, वारा-भरतीचे आकडे येत असतात, आणि तुझं इंजिन प्रत्येक व्यवहाराची, म्हणजे ट्रान्झॅक्शनची, काटेकोर तपासणी करणार: याने काय काय वाचलं, काय लिहिलं, आणि वाचलेलं मध्येच कोणी बदललं असेल तर सगळं पुसून पहिल्यापासून. बरोबर असायचं, पण मशीनला आठ कोअर असून राबायचा एखादाच. बाकीचे पुसत आणि पुन्हा लिहीत बसायचे. मी त्यात एक सुधारणा केली. जो व्यवहार फक्त वाचतो, काहीच बदलत नाही, त्याच्यावर 'फक्त वाचणारा' अशी खूण करायची. त्याला क्षणभरापूर्वीचं चित्र दाखवायचं आणि तपासणीतून मोकळं सोडायचं. पडदा आता पाण्यासारखा वाहतो. माझा मॅनेजर दिपेश खूश आहे.

परवा सराव होता. कक्षाकडे दोन बचाव बोटी आहेत. नियम असा, की काहीही झालं तरी एक बोट धक्क्याला राहिलीच पाहिजे. दोन टेबलांवर दोघं बसले होते, मानसी आणि अजित. दोघांना एकाच वेळी खोटे कॉल दिले. एकाला परवानगी मिळायला हवी होती, दुसऱ्याला नकार. दोघांनाही परवानगी मिळाली. दोन्ही बोटी बाहेर गेल्या.

असं तुझ्या इंजिनात कधी झालं होतं का? आठवत असेल तेवढंच कळव. दोन ओळी पुरेत.

अनुया

•

किहीम,
१९ जुलै

दादा,

पहिलं पत्र पोचलं नसेल अजून. तरी लिहिते आहे, कारण दुसऱ्या कोणाशी हे बोलता येत नाही.

मी तो सराव मशीनवर पुन्हा पुन्हा चालवला. तेवढ्याच होड्या, तोच वारा, तेच दोन कॉल. दर वेळी एकाला परवानगी, एकाला नकार. जसं व्हायला हवं तसंच. बारीकसारीक टिपून ठेवायला लावते, एकेक वाचन, एकेक लिखाण, आणि मग पाहते तर सगळं सरळ. मी बघायला बसले की ते शहाण्यासारखं वागतं. दिपेशला सांगितलं तर तो म्हणाला, "यार अनुया, जे परत होतच नाही, त्याला बग म्हणत नाहीत. त्याला योगायोग म्हणतात." मी म्हटलं, योगायोग मशीनमध्ये नसतो. त्यावर तो हसला.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. लिहिली असती तर तू पुढचं वाचलं नसतंस, अशी भीती वाटली.

सराव चालू असताना खरा कॉल आला होता. थळच्या नीराबाई. बुधाजींची बायको. बुधाजी म्हणजे आपल्या सोसायट्यांचे अध्यक्ष, तू त्यांच्याशी भांडला होतास बघ, यंत्र हवं की माणूस यावरून. उघडीप होती, ओहोटी मोठी होती, म्हणून त्या कालवं काढायला खडकावर गेल्या होत्या. पाणी मागून फिरलं. किनाऱ्यावरच्या बाईने कक्षाला फोन केला आणि धक्क्याला एकही बोट नव्हती. एक रेवसच्या खाडीच्या तोंडाशी, एक पार खोल समुद्रात. अजितने जवळची बोट परत फिरवली, पण ती पोचेपर्यंत पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं. एका लाटेने उचलून खडकावर आपटलं. पाय दोन ठिकाणी मोडला आहे. जिवावरचं पायावर गेलं, असं सगळे म्हणतात. मी अलिबागला दवाखान्यात जाऊन आले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी कोण ते मी सांगितलं नाही.

बुधाजी बाहेर बाकावर बसले होते. ते म्हणाले, "बाय, बोटी दोन हायेत म्हनून तर मी तिला जाऊ दिली."

दादा, एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते. सगळ्या होड्या एकदम पाण्यात जातील, आणि त्या दिवसापासून ही नवी व्यवस्था खरोखर चालू होणार आहे. सराव नाही. चूक कुठे आहे हे मला माहीत नाही. ती तुझ्या भागात आहे की माझ्या, हेही माहीत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे, की ती आहे.

अनुया

•

किहीम,
२४ जुलै

दादा,

हे पत्र रागाने लिहिते आहे. राग तुझ्यावर नाही.

मशीनच्या नोंदीत असं दिसतं, की अजितची बोट आधी सुटली आणि मानसीची नंतर. म्हणजे मानसीने 'पाठव' दाबलं तेव्हा दुसरी बोट आधीच गेलेली होती. म्हणजे तिने कोणती बोट कुठे आहे ते दाखवणारा पडद्यावरचा फलक न पाहताच दाबलं. दिपेशने हे गणित सगळ्यांसमोर मांडलं आणि तिला म्हणाला, "नोंद खोटं बोलते का?"

मानसी चौलची. तिचे वडील बाळाराम जाधव शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहेत. ती पदवी घेऊन दोन वर्षं परीक्षा देत होती. ही तिची पहिली नोकरी. ती शांतपणे म्हणाली, "सर, मी फलक पाहिला होता. दुसरी बोट धक्क्याला दिसत होती." दिपेश म्हणाला, "मग नोंद बघ." तिने बघितली. तिला पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली, पण आवाज खाली आला होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या लक्षात राहिलं नसेल कदाचित."

तिच्याकडून तसं लिहून घेतलं आणि तिला घरी बसवलं. मी त्या खोलीत होते.

मी म्हणाले होते की अजून तपास चालू आहे. दिपेश म्हणाला, "तुझ्या तपासात काय निघालं?" काहीच निघालं नव्हतं. मी गप्प बसले. तू असतास तर काय केलं असतंस, ते मला माहीत आहे, म्हणून ते लिहू नकोस.

दिपेश वाईट माणूस नाही. नंतर जिन्यात त्याने मला थांबवलं. त्याचा चेहरा उतरलेला होता. "देख, सोसायटीवाले म्हणतायत, कारण सांगा नाहीतर पहिल्या तारखेला जुनी व्यवस्था लावा. जुनी लावली तर पडदा गोठणार, हे तुलाही ठाऊक आहे, मलाही. गोठला आणि कोणी बुडालं, तर? माणसाची चूक निघाली तर माणूस बदलता येतो. मशीनची निघाली तर आठवड्यात काय बदलणार तू?"

जुनं लावलं तरी धोका, नवं लावलं तरी धोका, आणि दोन्हींच्या मध्ये मी एकटी बसले आहे. जेवण जात नाही. आई म्हणते, आजारी पडशील. समुद्राचा आवाज आला की मी उठून खिडकीशी जाते. तिथून मांडवा दिसत नाही, तरी जाते.

तुझ्यापुढे पसरते आहे सगळं. माझं काय चुकतंय ते सांग. मी सगळ्या व्यवहारांचं लिखाण तपासलं. दोन बोटी वेगळ्या, दोघांनी लिहिलेल्या जागा वेगळ्या, टक्कर कुठेच नाही. मग तुझं इंजिन त्यांना का अडवील? आणि अडवत नसेल तर माझ्या चाचणीत दर वेळी का अडवतं?

अनुया

•

किहीम,
२९ जुलै

दादा,

तुझं पाकीट काल आलं. आईनेच घेतलं पोस्टमनकडून. अक्षर ओळखून ती ओट्यावरच बसली. मला हाक मारली नाही, मी बाहेर आले तेव्हा ती नुसती पाकीट मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "तुझ्या नावाचं आहे."

मी फोडलं. तीन ओळी. 'टिपून ठेवणं बंद कर. टिपण्यासाठी सगळे एका दारातून जातात, त्यामुळेच रांग लागते. आणि लिहिलेलं नको बघूस, वाचलेलं कुठे हरवतं ते बघ.' खाली सही.

आई म्हणाली, "काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. "अक्षर बरं आहे त्याचं," एवढंच म्हणाली.

तू म्हणालास तसंच होतं. मी बारीकसारीक टिपायला लावलं की आठही कोअर त्या एका वहीसाठी थांबत, आणि थांबता थांबता शहाण्यासारखे एकामागून एक जात. माझ्या पाहण्यानेच चूक झाकली जात होती. टिपणं बंद केलं, होड्या वाढवल्या, म्हणजे 'पाठव'चा हिशेब रेंगाळेल, आणि दोघांना एकदम दाबायला लावलं. दोन्ही बोटी बाहेर. पुन्हा चालवलं. दोन्ही बाहेर. मला रडू आलं, दादा. चूक सापडली म्हणून कोणी रडतं का?

मग वाचलेलं कुठे हरवतं ते शोधलं. 'दुसरी बोट धक्क्याला आहे का' हे बघणारा एक छोटा व्यवहार आहे. फलकही तोच वापरतो, त्यामुळे मी त्याच्यावर 'फक्त वाचणारा' अशी खूण केली. फलकासाठी ते बरोबरच. पण 'पाठव' हा मोठा व्यवहारही आतून त्यालाच विचारतो. हा छोटा आत जातो, बघतो, 'हो, आहे' म्हणतो, आणि खूण असल्यामुळे आपण काय बघितलं ते विसरून बाहेर येतो. तुझं इंजिन माझ्या खुणेवर विश्वास ठेवतं. ठेवणारच, तसं आपणच ठरवलं होतं. शेवटी ते तपासायला बसतं तेव्हा तपासायला काही उरलेलंच नसतं.

तुझा भाग बरोबर आहे. माझा भाग एकटा पाहिला तर तोही बरोबर आहे. जिथे एकात दुसरा शिरतो तिथे कोणी पाहिलंच नव्हतं.

आज सकाळी कक्षात दिपेशला आणि बुधाजींना बोलावलं. अजितला एका टेबलावर बसवलं, दुसऱ्यावर मी. दोघांनी दाबलं. पडद्यावर दोन्ही बोटी सुटल्या. दिपेश खुर्ची ओढून बसला.

बुधाजी म्हणाले, "मला समजंल असं सांग, बाय."

मी म्हटलं, "दोघांनी एकाच वेळी धक्क्याकडे पाहिलं. याला तिची बोट दिसली, तिला याची दिसली. याला वाटलं, तिची आहे ना, मी माझी नेतो. तिलाही तसंच वाटलं."

"आनि दोघं खरं बोलले."

"दोघंही खरंच बोलले."

"मंग नोंदीत तिची मागं कशी?"

"कोणाची तरी मागे लागणारच. नोंदीत एका ओळीत दोन नावं बसत नाहीत. पण तिने पाहिलं तेव्हा बोट तिथे होती."

बुधाजी उठून पडद्याजवळ आले. मला वाटलं, आता नीराबाईंचं नाव निघेल. मी त्याची वाट बघत होते. ते म्हणाले, "म्हंजे पोरगी खोटी न्हवती." आणि दिपेशकडे वळून, "तुमी तिच्याकडनं ल्हून घेतलंत."

दिपेश म्हणाला, "हो."

आता दुरुस्ती. खूण काढून टाकली तर पडदा पुन्हा गोठेल. म्हणून असं केलं आहे: एकटा वाचणारा मोकळाच राहील, पण तोच दुसऱ्याच्या आत गेला तर त्याने पाहिलेलं सगळं बाहेरच्याच्या खात्यात जमा होईल आणि शेवटी तपासलं जाईल. बदललेलं असेल, तर बाहेरच्याने पुसून पहिल्यापासून. म्हणजे किंमत फक्त लिहिणारे मोजतील, आणि लिहिणारे थोडेच आहेत. आतापर्यंत तरी पडदा वाहतो आहे आणि एक बोट राहते आहे. पण 'आतापर्यंत' हा शब्द मी याआधीही वापरला होता. सोबत सगळं छापून पाठवते आहे. तुझ्याकडे पोचेपर्यंत होड्या गेलेल्या असतील. तरी वाच.

अनुया

•

किहीम,
५ ऑगस्ट

दादा,

काल तुझा फोन आला तेव्हा मी मुद्दाम वाडीत गेले. तुम्ही काय बोललात ते मी विचारलं नाही. नंतर आईने चहा टाकला आणि त्यात साखर घालायची विसरली. दोघींनी तसाच प्यायला. मला तुझ्याशी बोलता आलं असतं, पण सगळं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

एकतीस तारखेला चौलला मानसीच्या घरी गेले. ती घरात नव्हती, विहिरीवर होती. बाळाराम सरांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले. म्हणाले, "त्या दिवशी मी तिच्याबरोबर यायला हवं होतं. तीस वर्षं पोरांना सांगत आलो, न केलेली चूक कबूल करू नका. माझ्याच पोरीने कबूल केली."

मानसी आली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. ती पदराला हात पुसत ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, मशीन चुकलं हे तुम्हाला आता कळलं. पण मी बरोबर होते, हे इतके दिवस मलाच ठाऊक नव्हतं. मी रोज डोळे मिटून तो फलक आठवायची. पहिल्यांदा त्यावर बोट दिसायची. मग दिसेनाशी झाली."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही गप्प होतात ते मी पाहिलं होतं."

कामावर परत यायला ती तयार होती, पण एका अटीवर. ज्या खोलीत, ज्यांच्यासमोर तिला विचारलं, त्याच खोलीत त्यांच्यासमोर दिपेशने सांगायचं. दिपेशला मी निरोप दिला तेव्हा मला वाटलं, तो टाळेल. त्याने टाळलं नाही. नीट जमलंही नाही. उभा राहिला आणि म्हणाला, "मानसी, तू जे पाहिलं होतंस ते सही होतं. मी नोंदीवर भरोसा ठेवला, तुझ्यावर नाही. गलती माझी." मग काय करावं ते न कळून त्याने तिच्या टेबलावरचा पंखा चालू केला. ती बसली. तिने आधी फलक पाहिला, मग आमच्याकडे.

पहिल्या तारखेला पहाटेपासून होड्या निघाल्या. किती, ते बघण्याची मला हिंमत नव्हती. पडदा भरत गेला आणि वाहत राहिला. मी मानसीच्या मागे उभी होते. दुपारी वारा वाढला आणि दोन कॉल जवळजवळ एकत्र आले. काशीदच्या समोर एका होडीचं इंजिन बंद पडलं होतं, आणि इकडे किहीमच्या बाजूला एक होडी पाणी घेत होती. मानसीने 'पाठव' दाबलं. पलीकडे अजितनेही दाबलं.

काही क्षण दोन्ही पडद्यांवर नुसतं ते गोल चक्र फिरत राहिलं. दादा, आपण दोघांनी आयुष्याची इतकी वर्षं हे फिरणं कमी कसं करायचं यात घालवली. त्या क्षणी मला वाटलं, ते कधी थांबणारच नाही.

मानसीची बोट सुटली. अजितच्या पडद्यावर आलं: परिस्थिती बदलली आहे, पुन्हा पाहा. तो खुर्चीतून अर्धा उठला. "माझी का नाही?" मग त्याने फलक पाहिला आणि बसला. काशीदजवळच्या होडीला त्याने दुसऱ्या होड्यांकडून मदत मिळवून दिली, वायरलेसवर बोलून बोलून. दोराने ओढत आणली तिला. किहीमची माणसंही परत आली. भिजलेली, पण सगळी.

दुसरी बोट धक्क्यालाच राहिली. मग कॉल आला नाही. संध्याकाळपर्यंत ती तशीच दोराला बांधलेली डुलत होती आणि कोणाला तिची गरज पडली नाही. बुधाजी नीराबाईंना पायाचं प्लास्टर दाखवायला नेऊन, घरी सोडून मग तिथे आले. दिपेश त्यांना सांगत होता, की आता थोडी सवड काढून अनुया हे अजून फास्ट करेल. बुधाजींनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ते त्या बोटीकडे बघत होते.

"दिसभर हितंच व्हती?" त्यांनी मला विचारलं.

"दिवसभर."

"कुनाच्या कामी न्हाय आली?"

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. आणि खाली वाकून त्यांनी तिच्या दोराची गाठ एकदा ओढून बघितली.

अनुया